सिक्लिड मत्स्यांचे गृहमत्स्यालयातील प्रजनन

सिक्लिडी या मत्स्यकुलातील माशांची घरातील काचपेटीत जोडी जुळवून, त्यांच्याकडून अंडी मिळवून पिले वाढविण्याच्या व्यवहाराचे विवेचन येथे केले आहे. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी पुष्कळसे मासे अंडी घातल्यानंतर त्यांच्याकडे पाहतही नाहीत. संधी मिळाल्यास ती खाऊन टाकतात. सिक्लिड मासे मात्र अंड्यांचे व पिलांचे रक्षण करतात. पिलांना घेऊन हिंडणारी माशांची जोडी हे दृश्य पाहण्यासाठीच कित्येक हौशी मत्स्यपालक या कुलाकडे वळतात. या गुणाची दुसरी बाजू म्हणजे त्यांचा भांडखोरपणा. रक्षणासाठी लागणारी आक्रमकता लहानशा पेटीत कोंडली गेली की, ती जोडीदारावर वा पिलांवरही उलटते. त्यामुळे सिक्लिडांचे प्रजनन सोपे असले, तरी त्यांचे संगोपन सोपे नाही.

या कुलातील सु. १,७०० जातींचे वर्णन झालेले असून दरवर्षी तीत नव्या जातींची भर पडत आहे. पूर्वी पर्सिफॉर्मिस गणात घातलेले हे कुल आता सिक्लिफॉर्मिस या स्वतंत्र गणात ठेवतात. डोक्याच्या प्रत्येक बाजूस एकच नासाद्वार, खंडित पार्श्विक रेषा (पाण्यातील कंपने जाणणारी शरीराच्या बाजूवरील संवेदी रेषा) आणि घशातील अस्थींपासून बनलेला दुसरा जबडा ही त्यांची काही लक्षणे होत. आफ्रिका, मादागास्कर, मध्य व दक्षिण अमेरिका येथे त्यांचा मुख्य प्रसार आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया, मालावी व टांगानिका या तीन सरोवरांत त्यांच्या शेकडो जाती आढळतात व त्यांतील बहुतेक इतरत्र कोठेही नाहीत. आशियात त्यांचा प्रसार अगदी थोडा आहे. भारतात या कुलातील तीनच मूळ जाती आहेत : गोव्यात काळुंदर व केरळात करिमीन म्हणून ओळखला जाणारा एट्रोप्लस सुरॅटेन्सिस, कर्नाटकातील पश्चिमवाहिनी नद्यांतील एट्रोप्लस कॅनॅरेन्सिस आणि दक्षिण भारत व श्रीलंका येथील खाड्यांत व गोड्या पाण्यात राहणारा लहानसा नारंगी क्रोमाइड (स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस). तिलापिया हा भारतातील मासा नसून तो १९५२ मध्ये बाहेरून आणला गेला [⟶ तिलापिया].

अंडी कोठे ठेवली जातात यावरून सिक्लिडांचे दोन मुख्य गट पडतात. पहिल्या गटातील मासे दगड, पान, लाकूड किंवा बिळाची भिंत यांवर अंडी चिकटवितात व नर-मादी मिळून, काही जातींत प्रामुख्याने मादी, त्यांची राखण करतात. एंजल, डिस्कस, कॉन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस आणि भारतीय क्रोमाइड हे या गटातील होत. दुसऱ्या गटातील मासे अंडी तोंडात धरून वाढवितात. मालावी सरोवरातील रंगीत मासे व मोझँबिक तिलापिया यांच्यात हे काम मादी करते. या दोन गटांच्या गरजा इतक्या भिन्न आहेत की, एकाचा अनुभव दुसऱ्यास फारसा उपयोगी पडत नाही.

*जोडीची निवड* : एंजल (टेरोफायलम स्केलॅरी) व डिस्कस (सिंफायसोडॉन) या माशांत नर व मादी बाहेरून सारखेच दिसतात. कपाळाचा फुगवटा, पक्षांची (हालचालीस व तोल सांभाळण्यास उपयुक्त अशा त्वचेच्या स्नायुमय घड्यांची, परांची) लांबी इ. खुणा दुकानदार सांगतात, परंतु त्यांवर विसंबता येत नाही. खात्रीची खूण अंडी घालण्याच्या एकदोन दिवस आधी दिसते. गुदद्वाराजवळ एक लहान नळी बाहेर येते, ती मादीत रुंद व बोथट आणि नरात बारीक व टोकदार असते. म्हणून तयार ‘जोडी’ विकत घेण्यापेक्षा सहा ते आठ पिले एकत्र वाढवून त्यांना आपली जोडी आपणच निवडू द्यावी, हा जुना मार्गच चांगला. जोडी जमली की, ते दोन मासे पेटीचा एक कोपरा अडवितात व इतरांना तेथून हुसकावून लावतात. त्यानंतर उरलेले मासे दुसरीकडे हलविणे आवश्यक असते. कधीकधी दोन माद्याच जोडी जमवितात व दोघी अंडी घालतात. एका दिवसात सर्व अंडी पांढरी पडली व हे वारंवार घडू लागले, तर अशी शंका घ्यावी.

कॉन्व्हिक्ट (ॲमॅटिट्लॅनिया नायग्रोफॅसिएटा) हा मध्य अमेरिकेतील काळ्या पट्ट्यांचा मासा नवशिक्यास सर्वांत योग्य होय. यातील मादी लहान असून तिच्या पोटावर नारिंगी झाक असते, त्यामुळे लिंगभेद सहज कळतो. साठ से. मी. लांबीच्या पेटीत आडवी ठेवलेली मातीची कुंडी त्याला पुरते. किंबहुना या माशाचे प्रजनन होत नाही अशी तक्रार क्वचितच ऐकू येते, ते थांबवावे कसे, अशीच विचारणा अधिक होते.

*पेटी व पाणी* : एंजलाचे शरीर उंच व चपटे असल्याने पेटीची उंची किमान ४५ से. मी. असावी. प्रजननाच्या पेटीत तळाशी वाळू नसली तरी चालते. उघडा तळ स्वच्छ ठेवणे सोपे जाते. मात्र खड्डे करून त्यांत पिले ठेवणाऱ्या जातींना वाळूचा थर लागतो. अंडी चिकटविण्यासाठी पाटीच्या दगडाचा तुकडा, कौल किंवा प्लॅस्टिकची जाड नळी तिरपी उभी करतात. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडे सहज मिळणारी शहाबादी फरशी चुनखडकाची असते व आम्लधर्मी पाण्यात ती हळूहळू विरघळून पाणी दुष्फेन (जड) करते. ती मालावी सरोवरातील माशांना चालते, एंजल व डिस्कस यांना चालत नाही. काळा बेसाल्ट मात्र कोणत्याही पेटीत निर्धोक असतो. खडकांची रास रचावयाची असल्यास दगड आधी पेटीच्या तळावर टेकवावेत व मग वाळू पसरावी. वाळूवर रचलेली रास मासे खालून उकरतात आणि ती कोसळून काच फुटते वा मासे चिरडतात.

ॲमेझॉन खोऱ्यातील माशांना सुफेन (मऊ) व किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. एंजलासाठी पीएच मूल्य ६·५ ते ७ व तापमान २७° ते २८° से., तर डिस्कससाठी पीएच मूल्य ५·५ ते ६·५ व तापमान २८° ते ३०° से. असावे लागते. दुष्फेन पाण्यात ही जोडी अंडी घालते, परंतु त्यांपैकी पुष्कळ अंडी फलित होत नाहीत. मालावी सरोवराचे पाणी याच्या उलट, म्हणजे क्षारधर्मी असून त्याचे पीएच मूल्य साधारणतः ७·७ ते ८·६ असते. टांगानिकाचे त्याहूनही अधिक असते. महाराष्ट्रात सह्याद्रीतील धरणांतून नळाने येणारे पाणी सामान्यतः सुफेन असते, तर दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. कोणता मासा पाळावा, हे ठरविताना प्रथम आपल्या घरी येणाऱ्या पाण्याचा विचार करावा. पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणे केव्हाही स्वस्त पडते. पाणी मऊ करणे अपरिहार्यच असेल, तर व्यस्त तर्षणाने शुद्ध केलेले किंवा पावसाळ्याच्या मध्यास साठविलेले पाणी नळाच्या पाण्यात मिसळतात. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात टाकल्यास त्यांतील टॅनिनामुळे पाणी तांबूस व थोडे आम्लधर्मी होते.

काही जातींत पाण्याच्या गुणांचा परिणाम पिलांच्या लिंगावरही होतो. पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस (पेल्व्हिकाक्रोमिस पल्चर) याची पिले अधिक आम्लधर्मी पाण्यात वाढल्यास त्यांत नरांचे प्रमाण वाढते, तर दक्षिण अमेरिकेतील ॲपिस्टोग्रामा वंशातील अनेक जातींत उच्च तापमानामुळे नर अधिक निपजतात. सर्व पिले एकाच लिंगाची निघाली म्हणून निराश होणाऱ्या पालकाने ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन पिलांस घातक असल्याने पाणी एक दिवस उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेटाचा अत्यल्प वापर करून मगच ते पेटीत घालतात. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू गाळकात वाढण्यास काही आठवडे लागतात. नव्या कोऱ्या पेटीत पिले सोडल्यास ती मरतात, ती याच कारणाने. क्षारधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून मालावीच्या पेटीत याविषयी विशेष दक्ष राहावे लागते. पिलांच्या पेटीस हवापंपावर चालणारा स्पंजाचा गाळक सर्वोत्तम होय. त्यात पिले ओढली जात नाहीत, इतकेच नव्हे तर स्पंजावर वाढणारे सूक्ष्मजीव ती टिपून खातात. हिवाळ्यात पठारावरील गावांत पाण्याचे तापमान रात्री बरेच उतरते. तेथे तापस्थापी जोडलेला तापक आवश्यक आहे.

*अंडी घालणे व राखण* : अंडी घालण्यापूर्वी एकदोन दिवस जोडी निवडलेली जागा तोंडाने चोळून स्वच्छ करते. मग मादी पृष्ठभागावरून हळूहळू सरकत अंड्यांची ओळ घालते व नर मागोमाग येऊन ती फलित करतो. हा क्रम तास-दीड तास चालतो. प्रौढ एंजल मादी एका वेळी साधारणपणे २०० ते ५०० अंडी घालते. त्यानंतर आईबाप आळीपाळीने अंसपक्षांनी (छातीवरील परांनी) अंड्यांवर पाण्याचा झोत सोडीत राहतात. त्यामुळे अंड्यांना ऑक्सिजन मिळतो व त्यांवर गाळ बसत नाही. पांढरी पडलेली, म्हणजे मृत अंडी ते वेचून खातात. तसे न केल्यास त्यांवर वाढणारी बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांनाही ग्रासते.

सु. २७° से. तापमानास एंजलाची अंडी दोन ते अडीच दिवसांत व कॉन्व्हिक्टाची सु. तीन दिवसांत फुटतात. बाहेर पडलेले डिंभ (भ्रूणानंतरच्या पूर्व अवस्थेतील जीव) पोहू शकत नाहीत. पोटाखालील पीतक (अंड्यातील पोषक द्रव्य; बलक) शोषून घेत ते नुसते वळवळत असतात. एंजलाचे डिंभ डोक्यावरील चिकट स्रावाच्या धाग्यांनी पानाला लोंबतात. एखादा सुटून खाली पडू लागला की, आई वा बाप त्याला तोंडात झेलून पुन्हा जागेवर नेऊन थुंकतो. कॉन्व्हिक्ट आपले डिंभ वाळूतील खड्ड्यात ठेवतो व दिवसातून एकदोनदा खड्डा बदलतो. अंडी एकाएकी नाहीशी झाली म्हणून ती खाल्ली गेली, असे लगेच ठरवू नये. बहुधा ती फुटलेली असतात व डिंभ पेटीच्या मागच्या बाजूस हलविलेले असतात.

त्यानंतर आणखी चार ते सहा दिवसांनी पिले पोहू लागतात व आईबापांभोवती थवा करून हिंडतात. पालक पक्षांच्या विशिष्ट फडफडीने त्यांना जवळ बोलावतात. आफ्रिकेतील ज्युवेल मासा (हेमिक्रोमिस) संध्याकाळी पिलांना खड्ड्यात जमवितो. मागे राहिलेली पिले बाप तोंडात भरून आणतो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराट लोरेन्ट्स यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशाच एका बापाची हकीगत दिली आहे. त्याच्या तोंडात खाण्यासाठी घेतलेला किडा असतानाच भटके पिलूही आले. एक गिळावयाचे व दुसरे जपावयाचे अशा पेचात तो क्षणभर निश्चल राहिला आणि मग त्याने दोन्ही थुंकून टाकले, किडा खाल्ला व नंतर पिलू उचलून घरट्याकडे नेले. संध्याकाळच्या या जमवाजमवीस वेळ लागतो, म्हणून पेटीवरील दिवा एकदम मालवू नये. खोलीतील दिवा अर्धा तास चालू ठेवून मग अंधार करावा. अकस्मात काळोख झाल्यास पिले विखुरतात व पालक गोंधळून जातात.

*अंडी खाण्याची सवय* : नव्या जोडीने पहिली दोनतीन वेळची अंडी खाऊन टाकणे हे नित्याचेच आहे. अननुभव, पेटीसमोरील वर्दळ, इतर माशांची सततची भीती किंवा जोडीतील भांडण ही त्याची कारणे असतात. अशा वेळी धीर धरणे हाच उपाय. तीनचार वेळा अपयश आल्यानंतर बहुतेक जोड्या यशस्वी होतात. पेटीत काही शांत, वरच्या थरात पोहणारे लहान मासे ठेवल्यास जोडीला एक समान ‘शत्रू’ मिळतो व आपसांतील भांडण कमी होते, असाही अनुभव आहे. मात्र ते मासे रात्री पिले टिपतात. नर मादीस फार मारीत असेल, तर दोघांमध्ये भोके पाडलेली काच काही दिवस उभी करतात.

व्यापारी उत्पादक इतका धीर धरीत नाहीत. अंडी घातली जाताच ते ती फरशीसह उचलून दहा-पंधरा लिटरच्या स्वतंत्र भांड्यात त्याच पाण्यात ठेवतात, शेजारी हवेचे बुडबुडे सोडतात, बुरशी रोखण्यासाठी पाणी फिकट निळे होईल इतके मिथिलिन ब्ल्यू टाकतात आणि मेलेली अंडी नळीने काढून घेतात. या पद्धतीने पिले अधिक मिळतात, यात शंका नाही. परंतु तिची एक किंमत आहे. निसर्गात अंडी खाणाऱ्या जोडीचा वंश तेथेच खुंटतो. कृत्रिम उबवणीत अशा जोडीचीही संतती तितकीच वाढते व पुढे तीच बाजारात येते. अनेक पिढ्या असेच चालल्यामुळे आज दुकानांतील एंजलांपैकी पुष्कळांना पिले सांभाळता येत नाहीत. विक्रीसाठी नव्हे, तर हौसेसाठी मासे पाळणाऱ्याने निदान आपल्या चांगल्या जोडीला पिले स्वतः वाढवू द्यावीत. पिले थोडी हाती येतील, पण ज्या गुणासाठी हा मासा पाळावयाचा तो गुण टिकेल.

*पिलांचे अन्न* : पिलांची सर्वाधिक हानी ती पोहू लागल्यानंतरच्या तीनचार दिवसांत होते व तिचे कारण बहुधा उपासमार हे असते. पीतक संपलेला असतो आणि तोंडात मावेल असे जिवंत खाद्य हाताशी नसते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी प्राण्याची नुकतीच फुटलेली पिले हे या वयातील उत्कृष्ट अन्न होय. त्यांची लांबी अर्ध्या मि. मी.हून कमी असते. बाजारात मिळणारी आर्टेमियाची वाळलेली सुप्त अंडी एक लिटर पाण्यात सु. २५ ग्रॅ. मीठ घालून, २६° ते २८° से. तापमानात, सतत हवा खेळवीत ठेवली म्हणजे २४ ते ३६ तासांत फुटतात. मग हवा बंद करून भांड्यास एका बाजूने उजेड दाखविला असता रिकामी टरफले वर तरंगतात व जिवंत पिले उजेडाकडे खाली गोळा होतात. ती बारीक नळीने काढून तलम कापडावर गाळतात आणि गोड्या पाण्याने धुऊन पेटीत सोडतात. टरफले पेटीत जाऊ देऊ नयेत. ती पिलांना पचत नाहीत. हे खाद्य तयार होण्यास एक दिवस लागत असल्याने मासे वळवळ्या अवस्थेत असतानाच पहिले भांडे लावावे व दुसरे एक दिवस मागून लावावे, म्हणजे खंड पडत नाही. पिलांची पोटे नारिंगी व टपोरी दिसली की, ती पोटभर खात आहेत असे समजावे.

अत्यंत लहान पिले असलेल्या जातींना आरंभी इन्फ्युझोरिया (सडत्या पाल्याच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव) द्यावे लागतात. कापडातून गाळलेला उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना पर्याय आहे, पण तो उरला की पाणी तासाभरात नासते. पिले मोठी होऊ लागल्यावर जलपिसवा, डासांच्या लहान अळ्या आणि चुरडलेले कोरडे खाद्य देतात. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स किडे स्वस्त असले, तरी त्यांबरोबर रोग येतात. ते पिलांना न देणेच इष्ट.

खाद्य दिवसातून चारपाच वेळा थोडेथोडे द्यावे व रोज पेटीच्या तळाचा गाळ नळीने शोषून घेऊन सु. दहा टक्के पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे. पिलांची वाढ खुंटते ती अन्नाअभावी जितकी, तितकीच साचलेल्या पाण्यामुळे व दाटीमुळे. काही पिले तळाशी घसटत राहतात व वर येऊ शकत नाहीत. त्यांचा वाताशय (शरीर तरंगत ठेवणारी हवेची पिशवी) भरलेला नसतो. अशी तसेच विकृत पक्षांची पिले वेगळी काढावी लागतात. एंजलाचे पिलू पहिले दोन आठवडे कोणत्याही साध्या माशासारखे लांबट दिसते. पुढे पृष्ठपक्ष व गुदपक्ष वाढू लागतात आणि महिन्याभरात त्यास आईबापांचा आकार येतो. सातआठ आठवड्यांची पिले दुसरीकडे देण्याजोगी होतात.

*डिस्कस व नारंगी क्रोमाइड* : डिस्कसाच्या पिलांना पहिल्या दिवसांत आर्टेमियाही पुरत नाही. ती आईबापांच्या अंगावर वाढलेला दाट श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) टोचून खातात. डब्ल्यू. एच. हिल्डमन यांनी १९५९ मध्ये या वर्तनाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. या स्रावात प्रथिने व रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. एक पालक थकला की, तो अंगाला झटका देऊन बाजूस होतो व सारा थवा दुसऱ्याच्या अंगाला चिकटतो. म्हणून डिस्कसाची अंडी वेगळी काढण्यात फारसा अर्थ नसतो. आईबापांचे आरोग्य हेच पिलांचे अन्न होय. या काळात पालकांना औषधी पाण्यात ठेवणे किंवा हाताळणे टाळावे.

असेच वर्तन भारतीय नारंगी क्रोमाइडातही आढळते, ही गोष्ट आपल्याकडील हौशी पालकांच्या ध्यानात क्वचितच असते. आठ से. मी.पर्यंत वाढणारा हा मासा गोड्या पाण्यातही राहतो, परंतु थोडे मीठ घातलेले पाणी त्याला अधिक मानवते. त्याची अंडी आखूड देठांनी आधाराला लटकतात. नर व मादी दोघेही राखण करतात आणि पिले त्यांच्या अंगावरील श्लेष्मा टिपतात. निसर्गात याच माशाची लहान पिले काळुंदराच्या अंगावरील बुरशी व परजीवी खाऊन त्यास स्वच्छ करतात, तर प्रौढ मासे काळुंदराची अंडी पळवितात. परदेशी माशांसाठी पाण्याची एवढी उठाठेव करणाऱ्याने एकदा तरी हा घरचा मासा पाळून पाहावा.

*मुखात अंडी वाढविणाऱ्या जाती* : मालावी सरोवरातील पिवळा लॅबिडोक्रोमिस सीरुलियस हा या गटातील शांत व सर्वत्र मिळणारा मासा होय. येथे जोडी जमत नाही. एका नरामागे चार ते सहा माद्या ठेवतात. एकच मादी असल्यास नर तिला छळून मारतो. मादी अंडी घालताच वळून ती तोंडात घेते. यांतील अनेक जातींच्या नरांच्या गुदपक्षावर अंड्यांसारखे ठिपके असतात. ती अंडी समजून मादी टिपू लागते व त्या वेळी नराने सोडलेले शुक्राणू तिच्या तोंडात जाऊन अंडी फलित होतात, असे स्पष्टीकरण व्होल्फगांग व्हिकलर यांनी १९६२ मध्ये मांडले. अंडी थोडी, म्हणजे जातीनुसार दहा ते साठच्या आसपास असली, तरी ती मोठी व पीतकाने भरलेली असतात.

मादीचा गळा फुगलेला दिसतो व ती खाणे सोडते. सु. २६° से. तापमानास तीन आठवड्यांनी पूर्ण वाढलेली, सु. एक से. मी. लांबीची पिले बाहेर पडतात व लगेच आर्टेमिया किंवा चुरडलेले खाद्य खातात. सर्वांच्या पेटीत ती वाचत नाहीत. म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मादीस, पहाटे ती सुस्त असताना, हळूच स्वतंत्र पेटीत हलवितात. घाबरलेली मादी अंडी थुंकते किंवा गिळते. पिले सोडल्यानंतर मादीस आठवडाभर तेथेच भरपूर खाऊ घालून मगच परत न्यावे. उपासाने खंगलेली मादी लगेच नरासमोर आल्यास ती बहुधा वाचत नाही. काही जण हाताने मादीचे तोंड उघडून पिले काढून घेतात. सवय नसलेल्याने हा प्रयोग करू नये.

टांगानिका सरोवरात या मुखपालनाचाही गैरफायदा घेणारा मासा आहे. तेथील ठिपकेदार मार्जारमीन (सायनोडॉन्टिस मल्टिपंक्टेटस) सिक्लिडांच्या मीलनाच्या वेळी आपली अंडी त्यांत मिसळतो. त्याची पिले आधी फुटून पालक मादीच्या तोंडातच तिची अंडी खातात. १९८६ मध्ये हा प्रकार शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदविला. कोकिळेच्या वर्तनाशी याचे साम्य उघड आहे. याच सरोवरातील काही बुटक्या जाती गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतात व तेथेच अंडी घालतात. आपल्या भातशेतांत सापडणारे मोठ्या गोगलगायींचे स्वच्छ धुतलेले शंख त्यांना चालतात. निओलॅम्प्रोलोगस ब्रिकार्डी या जातीत मोठी पिले धाकट्या भावंडांची राखण करतात, म्हणून त्यांना पेटीतून काढण्याची घाई करू नये.

*संकर व अतिरिक्त पिले* : मालावी व व्हिक्टोरिया सरोवरांतील अनेक जातींच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात व पेटीत त्यांचा सहज संकर होतो. अशी संकरित पिले शुद्ध जातीच्या नावाने विकली गेली की, ती चूक पुढे निस्तरता येत नाही. निकट जाती एकत्र न ठेवणे व माशांचे मूळ ठिकाण ठाऊक असल्यास ते पिलांबरोबर लिहून देणे, एवढी शिस्त पाळावी. १९९० नंतरच्या दशकात मलेशियात तयार झालेला फ्लॉवरहॉर्न हा मासा मुद्दाम केलेल्या संकराचे उदाहरण होय. त्याच्या कपाळावरील फुगवट्यास मोठी किंमत येते, परंतु या पैदाशीत नको असलेल्या पिलांची संख्या फार असते.

कॉन्व्हिक्टाची एक जोडी वर्षभरात शेकडो पिले देऊ शकते. त्यांना घरे मिळणार नसतील, तर अंडी असतानाच ती काढून टाकणे बरे. नदी, तलाव वा विहिरीत पिले सोडणे सर्वथा गैर आहे. उजनीसारख्या जलाशयांत तिलापियाने बसविलेले बस्तान पाहता, पालकत्वाचा गुण असलेला परका मासा स्थानिक माशांवर कशी मात करतो, हे वेगळे सांगावयास नको.

उलट बाजूने काही जातींचे अस्तित्वच आता काचपेट्यांवर अवलंबून आहे. १९५० नंतरच्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेला नाइल पर्च हा भक्षक मासा १९८० च्या सुमारास बेसुमार वाढला व तेथील सिक्लिडांच्या सु. दोनशे जाती नाहीशा झाल्या, असा अंदाज आहे. त्यांतील थोड्या जाती प्राणिसंग्रहालयांत व हौशी पालकांकडे टिकून आहेत. मादागास्करमधील मंगराहारा सिक्लिड (टायकोक्रोमिस इन्सॉलिटस) या जातीचे २०१३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दोनच मासे उरले होते व ते दोन्ही नर होते. बर्लिन येथे प्रजननाचा प्रयत्न झाला, तेव्हा नराने मादीस मारून टाकले होते. लंडनच्या संग्रहालयाने त्या वर्षी मे महिन्यात जगभरच्या मत्स्यपालकांना मादीसाठी जाहीर आवाहन केले. ते वाचून मादागास्करमधील एक मत्स्यपालक पुढे आला, शोधमोहीम निघाली आणि वर्षअखेरीस मंगराहारा नदीच्या खोऱ्यातील एका तुटक प्रवाहात या जातीचे थोडे मासे जिवंत सापडले. त्यांना त्याच देशातील मत्स्यपालन केंद्रात हलवून त्यांच्या प्रजननास प्रारंभ करण्यात आला.